दोष माशीचा की भांड्याचा?

मधमाशी हा उपयुक्त कीटक आहे, हे वाक्य न शिकलेला विद्यार्थी महाराष्ट्रात सापडावयाचा नाही. परीक्षेत त्याला त्याचे गुणही मिळतात. परंतु हीच मधमाशी आपल्या गच्चीवरच्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यात साखरपाणी प्यायला आली, की पाठ्यपुस्तक बाजूला राहते आणि झुरळे मारण्याचा फवारा हातात येतो. छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगर, हनुमाननगर, गारखेडा अशा दाट वस्तीत हे घडायला फार काही लागत नाही. एका गच्चीवर हौसेने पाळलेल्या रंगीत लोरी पोपटांचा पिंजरा असतो, शेजारच्या बाल्कनीत शिंजीर यावा म्हणून साखरपाण्याची बाटली टांगलेली असते, आणि चैत्र-वैशाखात दोन्हीकडे माश्यांचा घोळका जमतो. लहान मुलांना डंख होतात, शेजारी तक्रार करतात, आणि शेवटी पाण्याच्या टाकीच्या आडोशाचे किंवा समोरच्या झाडावरचे पोळे रात्री जाळून टाकावयाचे ठरते.

या भांडणात दोष माशीचा नाही, भांड्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि भांडे बदलणे हे पोळे जाळण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते. कसे, ते पाहण्यासाठी माशी, पक्षी आणि साखरपाणी या तिघांचीही थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

आधी पक्षी. लोरी आणि लोरिकीट हे पोपट मूळचे ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि त्या भागातील बेटांवरचे. इतर पोपट दाणे फोडून खातात. लोरींचे मुख्य अन्न फुलांतील मकरंद आणि परागकण. त्यांच्या जिभेच्या टोकाला बारीक केसांसारखे उंचवटे असतात आणि जीभ बाहेर काढली की ती ब्रशासारखी पसरते. त्या ब्रशाने ते फुलातला रस आणि पराग टिपून घेतात. म्हणून पाळणाऱ्याला त्यांच्यासाठी रोज पातळ, गोड खाणे तयार करावे लागते. नुसत्या साखरपाण्यावर हे पक्षी जगत नाहीत. त्यांना प्रथिने आणि जीवनसत्त्वेही लागतात. (हे परदेशी पोपट पाळावयाचे तर २०२२ साली दुरुस्त झालेला वन्यजीव संरक्षण कायदा आणि २०२४ चे नियम यांप्रमाणे त्यांची नोंदणी करावी लागते, हेही जाता जाता सांगून ठेवतो. दुकानदार ते सांगेलच असे नाही.)

शिंजीर मात्र आपलाच. जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर हे दोन्ही आपल्याकडे बागांतून दिसतात. अंगठ्याएवढा पक्षी, बाकदार आणि सुमारे दोन सेंटिमीटर लांब चोच, आणि तिच्यातून पुढे सरकणारी नळीसारखी जीभ. त्याला पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. तो स्वतःच्या पंखांनी येतो आणि स्वतःच्या पंखांनी जातो.

आता माशी. आपल्या शहरात मधमाश्यांच्या मुख्यतः तीन जाती आढळतात. उंच इमारती, टाक्या आणि मोठी झाडे येथे एकच भले मोठे पोळे लोंबते ती आग्या माशी. भिंतीतील पोकळी, ढोली अशा अंधाऱ्या जागी अनेक समांतर पोळी बांधते ती सातेरी. आणि झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे पोळे करते ती लहानगी फुलोरी. यांपैकी कोणतीही असो, ती आपल्या गच्चीवर हौसेने येत नाही. मराठवाड्यात पळस, पांगारा आणि काटेसावर यांचा बहर उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच संपतो. त्यानंतर कडुनिंब आणि करंज यांचा मोहर ओसरला, की पावसाळी फुले येईपर्यंत माशीच्या दृष्टीने दुष्काळच असतो.

त्यातच पाण्याची गरज वाढते. पोळ्यात अळ्या वाढतात तेथील तापमान मधमाश्यांना ३४-३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते. बाहेर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्या पाणी आणून पोळ्यावर त्याचे बारीक थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. बाष्पीभवनाने थंडावा येतो. आपल्या घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. फरक एवढाच, की माशीला वीजबिल येत नाही. ज्या शहरात नळाला वर्षानुवर्षे कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येत आले, तेथे गच्चीवरच्या गळक्या टाकीचे आणि पक्ष्यांच्या भांड्याचे मोल माशीने ओळखले, तर तिला दोष कसा द्यावा?

पण एक माशी आली म्हणून शंभर कशा येतात? येथे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञांची आठवण काढलीच पाहिजे. १९१४ च्या सुमारास त्यांनी टेबलावर करड्या रंगाच्या अनेक छटांचे चौकोन मांडून त्यांत एक निळा चौकोन ठेवला आणि निळ्यावरच्या बशीत साखरपाणी दिले. काही वेळाने बशी रिकामी ठेवली तरी माश्या निळ्यावरच येऊन बसू लागल्या. माशीला रंग दिसतो आणि लक्षातही राहतो, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे त्यांनी दाखवून दिले, की अन्न सापडलेली माशी पोळ्यावर परतून एक विशिष्ट नाच करते आणि त्या नाचातून अन्नाची दिशा व अंतर इतर माश्यांना कळते. या कामाबद्दल १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउर यांनी १९५० च्या दशकात श्रीलंकेत जाऊन आग्या, सातेरी आणि फुलोरी या आपल्याकडील जातींचे नाच अभ्यासले. त्यांच्याच शिष्या इंगेबोर्ग बेलिंग यांनी तर १९२९ साली असे दाखवून दिले होते, की ठरावीक वेळी साखरपाणी दिले तर माश्या दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळी हजर होतात.

आता आपल्या गच्चीकडे पाहा. तीच जागा, तीच बशी, रोज सकाळी तीच वेळ. फॉन फ्रिश यांनी मुद्दाम मांडलेला प्रयोग आपण नकळत मांडून बसलो आहोत! माश्यांना आपणच शिकवणी दिली, त्या उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्या, आणि आता त्याबद्दल आपण त्यांना फवारा मारणार. हे काही न्यायाचे नाही.

मग काय करावे? उत्तर मिलिमीटरमध्ये आहे. सातेरीच्या कामकरी माशीची सोंड सुमारे ५ मिलिमीटर लांब असते. आग्या आणि युरोपीय माशी यांची सहा ते सात मिलिमीटर, तर फुलोरीची याहूनही आखूड. शिंजिराची नुसती चोचच २० मिलिमीटर. निसर्गाने हा फरक केव्हाच वापरून ठेवला आहे. पक्ष्यांसाठी असलेल्या पुष्कळ फुलांत मकरंद लांब नळीच्या तळाशी असतो. आपले भांडे मात्र उथळ बशी असते, म्हणजे माश्यांसाठी घातलेली पंगतच. बाटलीचे पेय थेंबाथेंबाने तोंडाशी येऊन साचत असेल तर तीही तशीच. उलट, पेयाची पातळी छिद्राच्या खाली एक सेंटिमीटरपेक्षा अधिक ठेवली आणि छिद्र दोन-अडीच मिलिमीटरचेच असले, की माशी वर बसते, सोंड आत घालते, काही लागत नाही, आणि निघून जाते. पोळ्यावर जाऊन नाचण्यासारखी बातमीच तिच्याजवळ नसते. शिंजिराची चोच व जीभ मात्र तेथे सहज पोहोचते. पातळी राखता येईल असेच भांडे घ्यावे, आणि गळणारे भांडे कितीही सुंदर असले तरी काढून टाकावे.

उथळ भांड्याचा दुसरा तोटा असा, की माश्या त्यात बुडून मरतात. साखरेने पंख चिकटले की त्यांना उडता येत नाही. तामिळनाडूतील संशोधकांनी २०११ साली चहा-कॉफीच्या दुकानांबाहेर फेकलेल्या कागदी कपांकडे असेच लक्ष वेधले होते. तळाशी उरलेल्या गोड थेंबांसाठी आलेल्या माश्या त्या कपांत मोठ्या संख्येने मरत होत्या. आपल्या रसवंतीच्या बादलीत डोकावले तरी हे दृश्य दिसेल.

साखरेचे प्रमाणही महत्त्वाचे आहे, आणि येथे एक सोपे गणित करून पाहण्यासारखे आहे. मधात सुमारे ८० टक्के साखर असते असे धरू. वजनाने एक भाग साखर आणि चार भाग पाणी घेतले, म्हणजे पेय २० टक्क्यांचे झाले. असे १०० ग्रॅम पेय माशीने नेले तर त्यातील २० ग्रॅम साखरेचा २५ ग्रॅम मध होईल, आणि त्यासाठी ७५ ग्रॅम पाणी उडवावे लागेल. म्हणजे एका ग्रॅम मधामागे ३ ग्रॅम पाणी. आता पेय ५० टक्क्यांचे असेल तर १०० ग्रॅमपासून ६२.५ ग्रॅम मध होतो आणि पाणी उडवायचे ते केवळ ३७.५ ग्रॅम, एका ग्रॅम मधामागे फक्त ०.६ ग्रॅम. पाचपट फरक! म्हणून माशीला दाट पाक आवडतो आणि पातळ पेय ती शक्यतो सोडून देते. पक्ष्यांच्या फुलांतील मकरंद मात्र मुळातच पातळ, साधारण २० ते २५ टक्क्यांचा असतो. तेव्हा 'पाखराला जरा गोड लागू दे' म्हणून पाक दाट करणारी प्रेमळ आजी पाखरापेक्षा माशीचेच अधिक लाड करीत असते. तथापि एक ध्यानात ठेवावे. लिंडाउर यांनी असेही दाखवून दिले आहे, की माशीची ही आवडनिवड ऋतूप्रमाणे बदलते. फुले भरपूर असतात तेव्हा ती पातळ पेयाला तोंड लावत नाही. दुष्काळात मात्र तेच गोड मानून घेते. म्हणून नुसत्या पातळ पेयावर विसंबू नये. मध आणि गूळ तर मुळीच वापरू नयेत. त्यांचा वास माश्यांना आणि मुंग्यांना बोलावतो, आणि उन्हात ते लवकर आंबतात.

रंगाविषयीही एक गोष्ट. माशीला अतिनील किरण दिसतात, परंतु शुद्ध लाल रंग तिला रंग म्हणून ओळखता येत नाही. पक्ष्यांना तो उत्तम दिसतो. बाजारातील कित्येक भांड्यांना मात्र शोभेसाठी पिवळी प्लॅस्टिकची फुले लावलेली असतात आणि पिवळा रंग माशीला फार चांगला दिसतो. ती फुले काढून टाकावीत. पेयात लाल रंग मिसळण्याची मात्र काही गरज नाही. भांडे लाल असले की पुरे.

लोरींच्या पिंजऱ्यात लांब नळीची युक्ती चालत नाही, कारण त्यांना जीभ पसरून चाटावयाचे असते आणि त्यांचे खाणे पातळ करणेही योग्य नाही. तेथे जाळी हाच उपाय. पिंजऱ्याच्या नेहमीच्या जाळीतून माशी आरामात ये-जा करते. खिडकीला लावतात तशी डासांची बारीक जाळी पिंजऱ्याच्या बाहेरून, चोच पोहोचणार नाही एवढे अंतर सोडून लावली, तर एकही माशी आत येत नाही. नायलॉनची जाळी लोरी कुरतडतात. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी चावली तर जस्त त्यांना विषासारखे बाधते. म्हणून स्टेनलेस स्टीलची घ्यावी. महाग पडते, पण पक्षी विकत घेताना ज्याने हजारो रुपये मोजले त्याने येथे काटकसर करू नये. संपूर्ण पिंजऱ्याला जाळी परवडत नसेल तर निदान खाण्याचा कोपरा तरी तिन्ही बाजूंनी आणि वरून बंद करावा आणि आत जाण्याची वाट भिंतीच्या बाजूने ठेवावी. माश्या वासाच्या रोखाने येऊन बाहेरच्या जाळीवरच घुटमळतात. वळसा घालून आत शिरणाऱ्या थोड्याच असतात. बारीक जाळीने वारा अडतो, म्हणून पिंजरा सावलीत हवाच. उरलेले खाणे तासा-दोन तासांत उचलून भांडे गरम पाण्याने धुवावे, हे माश्या नसल्या तरी करावयाचेच आहे. मराठवाड्याच्या उन्हात असले पेय दुपारपर्यंत आंबून जाते आणि पक्षी आजारी पडतो.

काही उपाय लोकप्रिय आहेत, पण ते करू नयेत असे मी म्हणेन. भांड्याच्या तोंडाला तेल किंवा व्हॅसलिन फासणे हा त्यांतला पहिला. माशीला ते लागतेच, पण पक्ष्याच्या पिसांनाही लागते, आणि तेलकट पिसे ना ऊब धरतात ना नीट उडू देतात. दुसरा, माश्यांसाठी वेगळी साखरेची बशी ठेवणे. यामागची भावना चांगली आहे, परंतु आपण पोळ्यावरच्या नाचाला नवे कारण देतो. चार घरे सोडून राहणाऱ्या पोळ्यांतील माश्याही येतात. शिवाय अनेक पोळ्यांच्या माश्या एका बशीत जेवल्या तर रोगही वाटून घेतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणुरोगाने दक्षिण भारतातील सातेरीची असंख्य मोहोळे नष्ट केली होती, हे विसरता येत नाही. साधे पाणी ठेवावे. पसरट मातीच्या परळात गोटे घालून, माशीला पाय टेकता येतील असे पाणी, भांड्यापासून दूर, सावलीत आणि उन्हाळा सुरू होण्याआधीपासून. एकदा का माश्यांनी ती जागा पाणवठा म्हणून लक्षात ठेवली, की आपल्या पिंजऱ्याकडचा निम्मा राबता आपोआप कमी होतो. फवाऱ्याविषयी काय बोलावे! पक्षी ज्या भांड्यात जेवतो त्याच्या शेजारी विष उडवणारा माणूस पक्षी कशासाठी पाळतो, हे मला कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, की डंख झालेल्या मुलाच्या आईला हे सांगून पाहा. आक्षेप खरा आहे. माशीचा डंख काहींना प्राणघातक ठरतो. चेहरा सुजू लागला, श्वास घेणे जड झाले तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठला पाहिजे. एरवी काटा नखाने ताबडतोब खरवडून काढावा. आग्या मोहोळाशी तर खेळच नको. अजिंठा, वेरूळ आणि देवगिरीचा किल्ला येथे जाणाऱ्या सहलींना ही माशी काय असते ते ठाऊक असते. म्हणूनच मी म्हणतो, की ते मोहोळ जाळायला जाऊ नये. बहुतेक अपघात माश्या डिवचल्याने होतात. सातेरीचे पोळे अडचणीच्या जागी असेल तर जाणकार मधपाळ ते उचलून पेटीत बसवू शकतो. आग्या पेटीत राहत नाही. ती ऋतूप्रमाणे स्वतःच जागा बदलते. पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, आणि त्याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. आपल्या राज्यात माश्या हाताळणारी माणसे आहेत. केरोसिनचा बोळा पेटवणाऱ्याला बोलावण्याआधी त्यांपैकी एखाद्याला शोधावे. जळालेल्या पोळ्याची किंमत पुंडलिकनगराबाहेर, डाळिंबाच्या बागेत आणि कांद्याच्या बियाण्याच्या शेतात मोजली जाते. तेथे परागीभवनासाठी शेतकरी माश्यांची वाट पाहत असतो.

राहिला बाल्कनीतल्या शिंजिराच्या बाटलीचा प्रश्न. माझ्या मते ती बाटली नसलेलीच बरी. पिंजऱ्यातला पक्षी आपल्यावर अवलंबून असतो. त्याला देणे भागच आहे. शिंजीर तसा नाही. तो मकरंदाबरोबर कोळी आणि किडेही खातो, आणि पिलांना तर मुख्यतः तेच भरवतो. साखरपाण्यात त्यांतले काहीच नाही, आणि न धुतलेल्या बाटलीत बुरशी मात्र असते. त्याऐवजी एका कुंडीत जास्वंद, दुसरीत अडुळसा, आणि जागा असेल तर कुंपणाशी शेवगा लावावा. शेवग्यावर माशीही येते आणि शिंजीरही, पण तेथे त्यांचे भांडण जुंपत नाही, कारण अन्न एका बशीत नसून शेकडो फुलांत वाटलेले असते.

शिक्षकांना येथे एक सुचवावेसे वाटते. इयत्ता आठवी-नववीच्या मुलांना मधमाशीवर टीप लिहावयास सांगण्याऐवजी एक तास शाळेच्या आवारात न्यावे. तुळस, शेवगा, जास्वंद, कण्हेर, घाणेरी, जे असेल ते. गवताची बारीक काडी फुलात हळूच तळापर्यंत घालावी, बोटाने खूण धरावी आणि पट्टीवर खोली मिलिमीटरमध्ये मोजावी. मग दूर बसून प्रत्येक झाडावर दहा मिनिटांत कोण किती वेळा येते ते टिपावे: माशी, फुलपाखरू, शिंजीर. ज्यांना डंखाची ॲलर्जी आहे त्यांनी नोंदवहीचे काम घ्यावे. आसपास आग्या मोहोळ असेल तर जागा बदलावी. साखरपाणी वापरू नये, नाहीतर शाळेच्या मैदानावर माश्यांची शिकवणी सुरू होईल! खोली आणि पाहुणे यांचा आलेख काढला, की पाच मिलिमीटरच्या आसपास काही बदलते का ते मुलांना स्वतःच दिसेल. काही फुले नियम मोडतील. जास्वंदीचा शिंजीर पुष्कळदा समोरून न जाता देठाजवळ चोच खुपसून रस चोरतो. असे चोर सापडले तर त्यांची वेगळी नोंद ठेवावी, आणि तोच तक्ता श्रावणात, आवारात पावसाळी फुले आली, की पुन्हा भरून पाहावा.